काठापदराचं घर

आमच्या गल्लीतली घरं ज्यानं बांधली त्या माणसाला मला एकदा भेटायचं होतं. फार काही नाही, एवढंच विचारायचं होतं की बाबा रे, रंग नावाची चीज तुला कधी कुणी दाखवली नाही काय? गडमुडशिंगीच्या कडेला सरकारी योजनेतून उभी राहिलेली ही दोन ओळी घरं. प्रत्येकाला दोन खोल्या, डावीकडं एक खिडकी, मधोमध करड्या पत्र्याचं दार, पुढं एक पायरी आणि वरून चुन्याचा हात. वर्षभरात त्या चुन्याला भाताच्या पेजेची कळा आली. मी जोतीराम, एसटीत कंडक्टर. गाडीत पाय ठेवणारा माणूस सुट्ट्या पैशांवरून भांडणार की नाही हे मी लांबून सांगतो. पण ड्युटीवरून उतरून गल्लीत शिरलो की बायको दारात उभी असली तरच मला माझं घर ओळखू यायचं. आणि माझे दोन्ही डोळे शाबूत होते.

समोरच्या घरातल्या गणपती आबांचे नव्हते. आबा म्हणजे जुने गुळव्या. गुऱ्हाळात काहिलीजवळ उभं राहायचं, उकळत्या उसाच्या रसाचा रंग बघायचा आणि काहील विस्तवावरून कधी खाली घ्यायची ते सांगायचं, हे गुळव्याचं काम. जरा लवकर सांगितलं तर गूळ धरत नाही, जरा उशीर केला तर काळा पडतो. आबा फेसाकडं बघायचे आणि एकच शब्द म्हणायचे, "उतरवा." तो शब्द पडला की बागायतदारसुद्धा मध्ये बोलत नसे. अशा माणसाच्या डोळ्यात काचबिंदू व्हावा ही गोष्ट मला आजही पटत नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली जपा. राहिलेली म्हणजे काय, तर उजेड, सावली आणि जवळ गेल्यावर मोठाले ठिपके.

तरी आबा रोज सकाळी काठी घेऊन केरबाच्या गुऱ्हाळावर जायचे. केरबा त्यांचाच शिष्य. पाटाच्या कडेची ती वाट त्यांच्या पायांना पाठ होती, आणि गुऱ्हाळ तर नाकानंच सापडायचं. तिथं बसून ते वासावरून आणि बुडबुड्यांच्या आवाजावरून केरबाला चार गोष्टी सांगायचे. दुपारी जेवायला परत. सगळी रड होती ती शेवटच्या टप्प्यावर, आमच्या गल्लीत. आबा काठीनं पायऱ्या मोजत यायचे. मध्येच कोणीतरी "आबा, जयभीम" म्हणायचं, आबा थांबून उलट जयभीम घालायचे, दोन शब्द बोलायचे, आणि मोजणी पाटात.

दोन हजार तीन सालच्या हिवाळ्यात एका दुपारी हेच झालं. आबा आपलं घर सोडून दोन घरं पुढं गेले आणि लालासाबच्या घरात शिरले. लालासाब हमरस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवायचा, तो कामावर होता. घरात त्याची बायको सलिमा एकटी. आबांनी काठी कोपऱ्यात ठेवली, डोक्याचा पटका काढला, मांडी घातली आणि म्हणाले, "शालन, वाढ." शालन म्हणजे त्यांची सून. सलिमाच्या जागी दुसरी कोणी असती तर तिनं आरडाओरडा करून गल्ली गोळा केली असती. सलिमानं गुपचूप ताट वाढलं. म्हाताऱ्या माणसाला चुकलात म्हणून कसं सांगायचं, हा तिचा विचार.

अर्धी भाकरी झाल्यावर आबांचा हात थांबला. भाजीची चव निराळी होती. बांगडी वाजली तीसुद्धा निराळी. त्यांनी विचारलं, "ह्ये कुणाचं घर?" सलिमानं सांगितल्यावर ते ताटावरून उठले आणि तडक बाहेर पडले. काठी तिथंच राहिली.

आता यातली खरी मेख सांगतो. दुसऱ्याच्या घरात ताट अर्धं टाकून उठण्याचा अर्थ काय होतो, हे आबांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांच्या लहानपणी लोकांनी त्यांच्या आईच्या हातचं पाणी ओतून टाकलेलं त्यांनी बघितलं होतं. आणि आता तेच सलिमाचं अन्न टाकून आले होते. लाज वाटली म्हणून उठले होते, पण सलिमाला ते कसं कळणार? संध्याकाळी ती काठी परत द्यायला आली तेव्हा आबा भिंतीकडं तोंड करून पडले होते. ती नुसती काठी ठेवून गेली. चेहरा उतरलेला होता हे मात्र मी माझ्या दारातून बघितलं.

आबांचा मुलगा प्रसेनजीत फौंड्रीत कामाला. स्वभावानं सरळ, पण भट्टीजवळ उभं राहून डोकं जरा तापलेलंच. तो म्हणाला, "बास झालं आता. आजपासनं बाहेर पडायचं न्हाय. उद्या कुठं गाडीखाली सापडला तर मी काय करू?" आबांनी वाद घातला नाही, आणि तेच वाईट होतं. दुसऱ्या दिवसापासून ते दारामागच्या खाटेवर बसून राहिले. जेवण कमी झालं. केरबानं ताज्या गुळाचा खडा पाठवला तर तो हुंगलासुद्धा नाही. जन्मभर रसरसत्या काहिलीपुढं उभा राहिलेला माणूस खाटेवर बसून विझायला लागला, हे आम्ही सगळे बघत होतो आणि चुकचुकत होतो. आम्हाला तेवढंच येतं.

शालन चुकचुकली नाही. ती शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. खिचडी ढवळायचा थोरला डाव पेलून तिचे दंड असे तयार झाले होते की प्रसेनजीतसुद्धा तिच्याशी बेतानं बोलायचा. एका सुट्टीच्या दिवशी तिनं ट्रंकेतल्या सगळ्या साड्या काढल्या, आबांना हाताला धरून नव्हे, तर "मामा, जरा माझं एक काम करा" असं म्हणून गल्लीच्या तोंडाशी खुर्चीवर नेऊन बसवलं, आणि स्वतः घरावर एकेक साडी लटकवायला लागली. मला वाटलं, सासऱ्याबरोबर सुनेचंही डोकं फिरलं.

"मामा, दिसतंय काय?"

"न्हाय."

पिवळी साडी उन्हात चुन्यात विरघळली. निळी सावलीत गेली. आबा म्हणाले, "कायतरी करडं हाय." मग तिनं लग्नातलं इरकल काढलं, अंग डाळिंबी आणि काठ रुंद, पिवळाधमक. ते भिंतीवर पसरलं आणि आबा खुर्चीतून निम्मे उठले.

"ह्ये दिसतंय. ह्ये काय हाय? शिजलेल्या रसाला कड आल्यागत दिसतंय."

एकटा रंग त्यांना दिसत नव्हता. गडद आणि लख्ख शेजारी आले की मधली रेघ दिसत होती. शालनला एवढंच हवं होतं. "मग तसंच घर करतो," ती म्हणाली.

प्रसेनजीत रंगाऱ्याला बोलवू म्हणाला. ती म्हणाली, "रंगारी कशाला? मी करतो की." आणि केलं. पहिल्यांदा चुकलं, तेही सांगतो. तिनं चुन्यावरच ऑइलपेंट फासला. दोन दिवस घर डाळिंबासारखं दिसलं आणि तिसऱ्या दिवशी कांद्याच्या सालीगत पापुद्रे सुटले. आमच्या गल्लीचे स्वयंघोषित अध्यक्ष हंबीरराव, कारखान्यातनं वॉचमन म्हणून निवृत्त झालेले, ते खास चालत आले आणि म्हणाले, "शालन, भिंत पण तुला नको म्हणालीया." शालननं त्यांच्याकडं बघितलंही नाही. ती लालासाबकडं गेली. लालासाब म्हणाला, "वहिनी, चुन्यावर पेंट बसत न्हाय. आधी चुना खरवडायचा, मग अस्तर, मग रंग. राहू दे, मी येतो रविवारी." ती म्हणाली, "तुम्ही ट्रॉल्या रंगवा. मला फकस्त सांगा."

मग ती रोज दुपारी शाळेतनं आली की पदर खोचून, खुरप्यानं भिंत खरवडायची. आख्खं घर. केसांत, भुवयांत चुना. मग अस्तर. मग डाळिंबी रंगाचे दोन हात. खाली आणि वरती हातभर रुंदीचा पिवळा काठ, तो सरळ यावा म्हणून निळीत बुडवलेली दोरी दोन टोकांना ताणायची आणि मध्ये फटका मारायचा, की भिंतीवर निळी रेघ. दाराच्या दोन्ही बाजूंना पदरावर असतात तसे पिवळे पट्टे. दार मात्र निळं केलं. वस्तीतल्या दोघातिघांनी विचारलं होतं, आपल्या माणसाचं घर, सगळंच निळं का नको? ती म्हणाली, "निळा आमच्या मनातला रंग हाय, म्हणून तर दाराला दिलाय. भिंत मामाच्या डोळ्यासाठी."

मी कंडक्टर माणूस, कुणाचं कौतुक करायची मला सवय नाही. पण ज्या दिवशी ते घर पुरं झालं त्या दिवशी मी ड्युटीचा डबा हातात घेऊन रस्त्यातच उभा राहिलो. पेजेच्या रंगाच्या त्या ओळीत एक घर नेसूनसवरून उभं होतं. उसाच्या ट्रॉलीचा ड्रायव्हर हमरस्त्यावर ट्रॅक्टर थांबवून बघत होता आणि मागचे हॉर्न मारत होते. मला अभिमान वाटला. माझा काही संबंध नसताना वाटला.

आबा परत गुऱ्हाळावर जायला लागले. गल्लीच्या तोंडाशी आले की मान वर करायचे, ती डाळिंबी-पिवळी रेघ धरायचे आणि सरळ चालत यायचे. आता जयभीम करा नाहीतर अख्खी गप्पांची बैठक मारा, मोजणी चुकायचा प्रश्नच नव्हता. सलिमाच्या घरापर्यंत मात्र ते जायचे नाहीत. तिचा आवाज आला की मान खाली घालून आत जायचे.

इथं गोष्ट संपली असती. पण आमची गल्ली कोल्हापूरकडची आहे. एकाचं चांगलं दिसलं की दुसऱ्याला झोप लागत नाही. हंबीररावांच्या मुलीला, अक्षताला बघायला पाहुणे यायचे होते. हंबीररावांनी शहरातनं रंगारी आणला, शालनचं घर दाखवलं आणि सांगितलं, "हुबेहूब असंच." डाळिंबी अंग, पिवळा काठ, दाराशी पट्टे, इतकंच काय, दारसुद्धा निळं. पाठोपाठ आणखी दोघांनी तेच केलं. शालनला बरंच वाटलं. आपलं बघून लोक करतात म्हटल्यावर कुणाला बरं वाटणार नाही? पुढचं तिच्याही ध्यानात आलं नाही, आणि आमच्याही.

पाहुणे आले त्या दुपारी आबा गुऱ्हाळावरून आले. गल्लीत शिरताच डाळिंबी-पिवळी रेघ दिसली. हंबीररावांचं घर खालच्या अंगाला, अलीकडं. आबा पायरी चढले, आत गेले, पटका काढला आणि मुलाच्या बापाशेजारी खाटेवर बसून म्हणाले, "शालन, च्या टाक. केरबानं आज रस करपवला की गं."

एक पाहुणा फिसकन हसला आणि बाकीचे हसले. वाईट मनाचे नव्हते ते, पण हसले. हंबीरराव म्हणाले, "आबा, ह्ये माझं घर हाय." पोह्याची ताटली घेऊन उभी असलेली अक्षता पळत येऊन शालनला घेऊन गेली. शालननं सासऱ्याचा हात धरला आणि त्यांना घरी आणलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हात धरून. गल्ली दारादारांतून बघत होती. घरात गेल्यावर आबा म्हणाले, "काठी पाटात टाक जा. आता नको ती मला." समोरच्या दारात मला ते ऐकू आलं आणि मला हंबीररावांचा असा संताप आला की काय सांगू.

शालनलाही आला असणार. पण दुसऱ्या दिवशी ती हंबीररावांच्या दारात गेली तेव्हा आवाज खालचा होता.

"काका, रंग चांगला झालाय तुमचा. पर माझ्या सासऱ्याला घर सापडंना झालंय."

"मग मी काय करू? रंगावर तुझा शिक्का हाय काय?"

"न्हाय की. म्हणून भांडाय आलो न्हाय. काकूंची एखादी साडी बघाय आलोय."

हंबीररावांची बायको चिमणाबाई आतून ऐकत होती. त्या घरात तिचा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. ती ट्रंकेतनं एक साडी घेऊन बाहेर आली, पोपटी, जांभळ्या काठाची. नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "घर रंगवताना मला कुणी इचारलं न्हवतं. मला ह्यो रंग पायजे हुता." हंबीरराव कारखान्याच्या गेटवर ट्रकवाले अडवायचे म्हणे. बायकोपुढं त्यांना शिट्टी सापडली नाही.

मग शालन प्रत्येक घरात गेली. साडी द्या, ओढणी द्या, घरातल्या बाईला आवडतं ते काहीही द्या. पण सगळ्यात अवघड घर तिचं स्वतःचंच होतं. आबा खाटेवरनं उठायला तयार नव्हते. ती त्यांच्यापुढं उकिडवी बसली आणि म्हणाली, "मामा, काहील चुलीवर हाय आणि गुळव्या जाग्यावर न्हाय. मला न्हाय कळत कवा उतरवायची. तुम्ही येताय का नासू दे सगळं?"

आबांनी हातानं चाचपत पटका शोधला.

त्या रविवारी आमच्या गल्लीचं जे रूप मी बघितलं ते परत बघायला मिळणार नाही. तोंडाशी खुर्चीवर आबा. दोन्ही ओळींनी बायका भिंतींवर साड्या धरून उभ्या. आबा मान वळवून एकेकीकडं बघायचे. "दिसंना. दुसरी लाव." "ही शेजारच्या घरात मिसळतीया." "जरा कड रुंद धर." चिमणाबाईनं पोपटी-जांभळी धरली तेव्हा आबा जुन्या आवाजात म्हणाले, "उतरवा." बिचारीनं तोंड पाडून साडी खाली घेतली. शालन हसत सुटली, "अवो काकू, उतरवा म्हंजे पास झाला तुम्ही."

माझ्या बायकोनं नारिंगी आणि काळा काठ निवडला. मी म्हणालो, रात्री झोपेत दचकशील. ती म्हणाली, तुमचा खाकी बघून दचकत न्हाय तर ह्यानं काय होतंय. सलिमानं लग्नातली मोरपंखी ओढणी आणली, पांढऱ्या ठिपक्यांची. ती धरून उभी राहिली तेव्हा आबांनी विचारलं, "ही कुणाची?" शालननं सांगितलं. आबा हळू म्हणाले, "लांबनं दिसतीया. उतरवा."

मग महिनाभर आमची गल्ली खरवडत होती. लालासाब ट्रॉल्यांचं काम संपवून यायचा आणि दारोदार फक्त तोंडानं सांगत फिरायचा, कारण शालननं त्याला तशी तंबीच दिली होती. स्वतःच्या घरावरचे ठिपके मात्र त्यानं बशी ठेवून गोल आखले. हंबीररावांनी शहरातल्या रंगाऱ्याला बोलावलं नाही. चिमणाबाई खाली उभी राहून बोट दाखवायची आणि ते शिडीवर चढून काठ ओढायचे. अक्षताचं लग्न त्याच पाहुण्यांकडं जमलं. सासरचे म्हणाले, त्या दिवशी म्हाताऱ्याला हसलो ते बरं केलं नाही, आणि लग्नात आबांना मानाचा फेटा बांधला.

रंग पुरा झाला त्यानंतरच्या माझ्या सुट्टीची दुपार. मी पायरीवर बसलो होतो. आबा गुऱ्हाळावरून येत होते. हंबीररावांच्या घरापुढं थांबून त्यांनी काठी आपटली, "हंबीरा, जेवलास का?" आतून हंबीरराव म्हणाले, "जेवलो की आबा." मग आबा माझ्या दाराकडं मान वळवून म्हणाले, "जोतीराम, सुट्टी व्हय आज?" मी बसल्याचं त्यांना दिसलं असेल की नारिंगी भिंतीवर बनियनचा पांढरा ठिपका दिसला असेल, देव जाणे. समोर शालन भाकरी थापताना उठून दारात आली होती, हाताला पीठ. रोज तशी यायची.

आबा डाळिंबी घरापाशी आले, आणि थांबले नाहीत. पुढं गेले.

शालनचा चेहरा पडला. एवढं सगळं करून परत तेच? ती पायरी उतरली, हाक मारायला तोंड उघडलं. पण आबा चाचपडत नव्हते, बेतानं चालत होते. दोन घरं पुढं जाऊन ते मोरपंखी भिंतीपुढं उभे राहिले. हात पुढं करून त्यांनी एक पांढरा ठिपका शोधला आणि त्यावर तळवा ठेवला.

"सलिमा, हाईस काय पोरी?"

"हाय की आबा." सलिमा दारात आली.

"त्या दिवशी ताट अर्धं टाकून उठलो. मला माझी लाज वाटली म्हणून उठलो, तुझ्या हातचं नको म्हणून न्हवं. ह्ये तवाच सांगाय पायजे हुतं." आबांनी काठी दाराला टेकवली आणि पटका काढला. "आज चुकून आलो न्हाय. घर बघून आलोय. वाढ."

सलिमा आत वळली. ताटली ठेवल्याचा आवाज आला. मग आबांचा, "भाजी त्या दिवशीचीच हाय काय? ती झ्याक झालती."

शालन रस्त्याच्या मध्ये तशीच उभी होती. पिठाच्या हातानं डोळे पुसायला गेली आणि गालभर पीठ करून बसली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "भावजी, मामाची भाकरी शिल्लक राहिली. चला, जेवून जावा."